बाइक तुमची, सेटिंग कोणाची?

लांब सस्पेन्शनच्या बाइक्स आता तालुक्याच्या गावात पोचल्यात. त्या आपल्या रस्त्याला आणि आपल्या वजनाला जुळवून कशा घ्यायच्या, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याची किंमत मनगटानं चुकवावी लागते.

धानाची कापणी नुकतीच झाली होती. देवरी तालुक्यातल्या मामाच्या गावाहून मी आणि मामेभाऊ, म्हणजे दादा, हायवेकडे निघालो होतो. दादाची नवी ॲडव्हेंचर बाइक, हप्त्यांवर घेतलेली. मी मागे बसले होते. गावापासून हायवेपर्यंतचा रस्ता मुरमाचा. ट्रॅक्टर आणि टिप्पर जाऊन जाऊन टिनाच्या पत्र्यासारखा झालेला, लहरी-लहरींचा. दुसऱ्या वळणावर पुढचं चाक जमीन सोडून चालल्यासारखं बाहेर सरकलं. आम्ही दोघंही धुऱ्यावरून थेट बांधीत. तणसीवर पडले म्हणून मी वाचले. दादाच्या मनगटाला चीर गेली, तीन आठवडे प्लास्टर.

प्लास्टरमध्ये बसूनच दादानं निकाल देऊन टाकला. “कंपनीनंच कडक देलंय गड्या. स्प्रिंगाच बदलून टाकतो.” मोबाइलवर ऑर्डर तयार होती, सतरा हजारांची. महिन्याचा हप्ता वेगळाच.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. गाडीतलं मला फार कळत नाही, पण कागद वाचायची सवय आहे. सीटखालच्या प्लास्टिकच्या पिशवीतून ओनर्स मॅन्युअल काढलं. सील तसंच होतं. त्यात सस्पेन्शनचं एक पान आणि एक छोटा तक्ता होता: आरामदायी, स्टँडर्ड, स्पोर्ट, आणि प्रत्येकापुढे ‘इतके क्लिक’. दादाला विचारलं, आपले किती? तो म्हणाला, एक व्हिडिओ पाहून त्यानं सगळे स्क्रू पूर्ण आवळले होते. “ऑफ-रोडले टाइट लागते ना!”

तिथेच खरी गोष्ट सुरू झाली. कारण आमची बाइक कडक होती म्हणून घसरली नव्हती. ती दाबल्यावर वेळेत वर येत नव्हती, म्हणून घसरली होती.

बातमी नेमकी काय?

ही एकट्या दादाची गोष्ट असती, तर घरातच राहिली असती. पण गेल्या काही वर्षांत बाजार बदललाय. २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आली, तेव्हा तिच्या पुढच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली होण्याची एकूण जागा, १९० मिलिमीटर होती. २०२३ मध्ये त्याच बाइकचं ‘४व्ही प्रो’ मॉडेल आलं. त्यात पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हल, शिवाय ॲडजस्ट होणारं सस्पेन्शन. जे आधी रेसर मंडळी वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायची, ते शोरूममधूनच मिळायला लागलं. जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आली, एप्रिलमध्ये केटीएमची ३९० एन्ड्युरो आर.

मग आली जीएसटीची बातमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र ४० टक्के लागला. म्हणजे २०० ते ३५० सीसीतल्या ज्या गाड्या आपल्या वयाची मुलं घेतात, त्यांच्यासाठी दार आणखी उघडलं.

तिसरी बातमी पुण्याची. ऑस्ट्रियाची केटीएम कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जात बुडून कोर्टाच्या दारात गेली होती. आकुर्डीच्या बजाज ऑटोनं पैसा ओतला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा घेतला. केटीएमच्याच घरात ‘डब्ल्यूपी’ हा सस्पेन्शनचा ब्रँड आहे, मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोच्या जगातला मोठा. म्हणजे अव्वल दर्जाचं सस्पेन्शन बनवणाऱ्या घराची चावी आता महाराष्ट्रात आहे. त्याशिवाय एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही छत्रपती संभाजीनगरची. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता तिचा कारभार पुण्यातून चालतो. देशातल्या असंख्य दुचाकींचे फोर्क आणि शॉक ॲब्सॉर्बर या दोन कंपन्यांकडून जातात.

वस्तू बनते आपल्याच राज्यात. विकली जाते आपल्याच गावात. मग ती जुळवायची कशी, हे आपल्याला कुणी का शिकवत नाही?

स्प्रिंग आणि तेल: दोन वेगळी कामं

आधी थोडं समजून घेऊ. सस्पेन्शनमध्ये दोन गडी असतात. एक स्प्रिंग. तिचं काम वजन पेलायचं आणि झटका साठवून घ्यायचा. पण स्प्रिंग साठवलेलं सगळं परत देते. नुसत्या स्प्रिंगवर बाइक चालवली, तर एका खड्ड्यानंतर ती रबरी चेंडूसारखी उड्या मारत राहील.

दुसरा गडी म्हणजे डॅम्पर. फोर्कच्या आणि शॉकच्या आत तेल असतं. चाक वर-खाली झालं की हे तेल बारीक भोकांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या थप्पीतून जबरदस्तीनं ढकललं जातं. त्यात झटक्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावर खूप वेळ चालवल्यावर मागचा शॉक गरम लागतो. तेल फार तापलं की पातळ होतं आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. सकाळी बरी वाटलेली बाइक दुपारी डोलायला लागते ती त्यामुळे.

डॅम्पिंग दोन दिशांचं असतं. चाक वर जाताना, म्हणजे सस्पेन्शन दाबलं जाताना, ते कॉम्प्रेशन. दाबलेलं परत लांब होताना ते रिबाउंड. स्क्रूवर जे क्लिक मोजतो, ते तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करायचे. स्क्रू आवळला की वाट अरुंद, हालचाल हळू. सोडला की वाट मोकळी, हालचाल वेगवान.

इथे एक गैरसमज हमखास होतो. महागड्या शॉकवर ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे वेगळे स्क्रू असतात. मुलांना वाटतं, हळू चालवताना एक आणि पळवताना दुसरा. तसं नाही. हा वेग बाइकचा नाही, सस्पेन्शनच्या दांड्याचा. वीसच्या स्पीडनं टोकदार दगडावर चाक आदळलं, तर दांडा झटकन आत जातो, तो हाय स्पीड. ऐंशीच्या स्पीडनं हायवेवर ब्रेक मारला आणि पुढचा भाग हळूहळू खाली बसला, तो लो स्पीड.

सेकंदाला अठरा झटके

आता दादाच्या वळणावर परत येऊ. समजा बाइक चाळीसच्या स्पीडनं चाललीय. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. रस्त्यावरच्या लहरी दर ६० सेंटिमीटरवर आहेत असं धरू. गणित सोपं आहे, सेकंदाला अठरा झटके. प्रत्येक झटक्याला फोर्कनं दाबलं जायचं आणि पुढची लहर यायच्या आत परत लांबही व्हायचं. हे सगळं एका सेकंदाच्या अठराव्या हिश्श्यात.

रिबाउंडचा स्क्रू पूर्ण आवळलेला असेल तर काय होईल? पहिल्या लहरीला फोर्क दबेल, पण पूर्ण वर यायच्या आधीच दुसरी लहर येईल. तो आणखी थोडा खाली. तिसरी, आणखी खाली. पाच-सात लहरींत फोर्क खाली बसूनच राहील. रेसिंगवाले याला ‘पॅकिंग’ म्हणतात. दाबायला जागाच उरली नाही की प्रत्येक झटका थेट हँडलवर. रायडरला वाटतं, काय कडक सस्पेन्शन आहे! चाकही खड्ड्यात उतरून जमिनीला चिकटत नाही, लहरींच्या माथ्यांवरून तरंगत जातं. जमीन धरली नाही तर वळण कुठून धरणार?

म्हणजे जिथे उपाय ‘सैल करा’ हा होता, तिथे दादा कडकपणाचं निदान करून स्प्रिंगा बदलायला निघाला होता. नव्या स्प्रिंगा बसवल्या असत्या आणि स्क्रू तसेच आवळलेले राहिले असते, तर सतरा हजार खर्च करून पुन्हा तीच बांधी.

उलटही होतं. रिबाउंड फार सैल असेल तर उडी घेतल्यावर किंवा मोठ्या खड्ड्यातून निघताना मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर उसळतो, रायडर हँडलवर जातो. कॉम्प्रेशन फार सैल असेल तर ब्रेक मारताच पुढचा भाग नाक घासतो, मोठ्या खड्ड्यात ‘धप्’ आवाज येऊन सस्पेन्शन तळाला लागतं. कॉम्प्रेशन फार आवळलं तर बारीक खडाही हातात टोचतो. खुणा वेगवेगळ्या आहेत, औषधंही वेगवेगळी. ‘टाइट’ आणि ‘लूज’ या दोन शब्दांत ते मावत नाही.

आणि या लहरी रस्त्यावर येतात कुठून? त्यात आपलाही हात आहे. सुट्या मातीवर चाक ठरावीक वेगाच्या वर फिरलं की लहरी आपोआप तयार होतात, अगदी सस्पेन्शन नसलेल्या चाकानंही. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी वाळूवर चाक फिरवून हे दाखवून दिलं. सगळे हळू गेले, तर मुरमाचा रस्ता बराच काळ सपाट राहतो. पण सगळे हळू जातात कधी?

सरासरी रायडर म्हणजे कोण?

कंपनीनं सेटिंग चुकीचं दिलं, असं म्हणणं सोपं आहे. पण कंपनी तुम्हाला ओळखत नाही. ती एक सरासरी माणूस धरते. एन्ड्युरो बाइक्सच्या मॅन्युअलमध्ये बहुधा ७५ ते ८५ किलोच्या रायडरचा हिशेब असतो. आपल्या कॉलेजातली किती मुलं ८० किलोची आहेत? पंचावन्न किलोचा मुलगा एकटा बसला की स्प्रिंग दबतच नाही. त्याच्याच मागे मित्र बसला, मध्ये धानाचं अर्धं पोतं आलं, की तीच स्प्रिंग पुरत नाही. सकाळी कॉलेजला एकटा, संध्याकाळी घरी जाताना तिघांचं वजन. कुठल्या सरासरीत हे बसणार?

कंपन्याही बाजार बघून अंदाज बदलतात. केटीएमची एन्ड्युरो आर भारतात आली तेव्हा पुढचा ट्रॅव्हल २०० मिलिमीटर होता, परदेशातल्या मॉडेलला २३०. कारण इथल्या ग्राहकाचे पाय जमिनीला टेकायला हवेत. एक्सपल्स ४व्ही प्रोची सीट ८९१ मिलिमीटर उंच आहे. आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या मुलाला ती सिग्नलवर थांबताना चवड्यांवर उभी करते. ट्रॅव्हल वाढला की सीट वाढते, सीट वाढली की पाय सुटतात. प्रत्येक आकडा ही एक तडजोड आहे. उरलेली तडजोड तुम्ही करावी, म्हणूनच तर स्क्रू दिलाय.

साध्या कम्युटर बाइकचं काय? आपल्यातल्या बहुतेकांकडे तीच आहे. तिथे डॅम्पिंगचा स्क्रू नसतो. मागच्या शॉकवर पायऱ्यांची एक चकती असते, ती फिरवायचा आकडीसारखा पाना टूलकिटमध्ये मिळतो. ते प्रीलोड. अनेकांना वाटतं प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. नाही होत. स्प्रिंग तीच राहते, फक्त बाइकची मागची बाजू उचलून धरली जाते, म्हणजे डबलसीट बसल्यावर ती खाली लोळत नाही. एवढं केलं तरी हेडलाइट आभाळाकडे बघायचा थांबतो आणि वळणावर हँडल हलकं पडत नाही. बाकी डॅम्पिंग फोर्कच्या तेलावर. ते इंजिन ऑइलसारखंच जुनं होतं, पण इंजिन ऑइल बदलणारे सगळे, फोर्क ऑइल बदलणारा क्वचित एखादा.

रोवणीच्या दिवसांत आणखी एक भानगड. ट्रॅक्टरची केजव्हील बांधीतला चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकतात. तो उडून फोर्कच्या चकचकीत नळीवर बसतो आणि वाळतो. वाळलेला चिखल सील कापतो. नळीवर तेलाचं ओलं कडं दिसलं की समजायचं सील गेलं. ओल्या फडक्यानं रोज नळी पुसायला एक मिनिट लागतं. तेल गेलं की डॅम्पिंग गेलंच, वर ते ब्रेकवर उतरलं तर गोष्ट आणखी वाईट.

डकारवाले काय करतात?

जानेवारी २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत केरळच्या हरिथ नोआनं रॅली-२ गट जिंकला, एकूण क्रमवारीत तो अकरावा आला. शेर्को टीव्हीएस संघाचा तो रायडर. त्याआधी २०१५ मध्ये बेंगळुरूच्या सी. एस. संतोषनं डकार पूर्ण केली होती, असं करणारा तो पहिला भारतीय. याच संतोषला २०२१ च्या डकारमध्ये मोठा अपघात झाला, डॉक्टरांना त्याला औषधांनी कोमात ठेवावं लागलं. तो सावरला. जगातल्या उत्तम बाइकवर उत्तम रायडरही पडतो, हे विसरून चालत नाही.

डकारच्या बाइकची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिच्या टाक्यांत तीसेक लिटर पेट्रोल मावतं. तीस लिटर म्हणजे सुमारे २२ किलो. सकाळी टाकी भरलेली, पुढच्या इंधन थांब्यापर्यंत जवळजवळ रिकामी. वाळू वेगळी, खडक वेगळा. म्हणजे एकच सेटिंग दिवसभर अचूक बसणं शक्यच नाही. संघ चाचण्या घेतात, एका वेळी एकच बदल करतात, लिहून ठेवतात, आणि दिवसभर निभावून नेणारा मधला मार्ग काढतात. आपल्याकडे टाकीऐवजी मागच्या सीटवरचं वजन चढतं-उतरतं, एवढाच फरक.

त्यांच्याकडे इंजिनिअर असतात. आपल्याकडे काय असू शकतं? एक वही आणि एक टेप. सुरुवातीला तेवढं पुरतं.

मग शिकायचं कुठे?

गोंदियातल्या एका गॅरेजवाल्या काकांना मी हेच विचारलं. त्यांचा हात चांगला, इंजिन खोलून बसवतात. ते मोकळेपणानं म्हणाले, “बाई, लोकं तेल गळलं का येतात. सेटिंगसाठी कोनी येत नाही. आलं तर मी मधातच ठेवून देतो.” यात काकांचा दोष नाही. मागणी नाही म्हणून शिक्षण नाही, शिक्षण नाही म्हणून मागणी नाही.

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी २००७ पासून ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा होते. मुलं स्वतः ऑफ-रोड गाडी बनवतात आणि ती मातीत तासन्‌तास पळवून दाखवतात. इंदूरजवळचं पिथमपूर हे तिचं जुनं मैदान, गोंदियाहून पुण्यापेक्षा जवळ. तिथे कळतं की जिंकते ती नेहमी जास्त ताकदीची गाडी नसते, शेवटपर्यंत चाकं जमिनीवर ठेवणारी असते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. म्हणजे या खेळात आता तिकीट आहे, प्रेक्षक आहे, काम आहे. हे काम फक्त रायडरचं नाही. सस्पेन्शन टेक्निशियन हा जगभरात स्वतंत्र पेशा आहे.

आपल्या जिल्ह्यात याची सुरुवात व्हायला फार काही लागत नाही. एक जुना फोर्क उभा कापून आयटीआयच्या टेबलावर ठेवा. फिजिक्सच्या पुस्तकात बारावीला ‘अवमंदित दोलन’ शिकवतात, चार मार्कांचा प्रश्न येतो. त्याच दिवशी पार्किंगमध्ये कुणाची तरी बाइक दाबून दाखवा. मी बारावीला ते पाठ केलं होतं. कळलं मात्र बांधीत पडल्यावर.

एक सावधगिरी कायद्याची. स्क्रू फिरवणं, प्रीलोड बदलणं हे बाइकमध्ये दिलेलंच आहे, त्यात बेकायदा काही नाही. पण लांब फोर्क बसवणं, चॅसिस कापून शॉक उचलणं ही गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. अपघात झाला तर विम्याचं भांडण वेगळंच.

जंगल म्हणजे ट्रॅक नाही

ऑफ-रोड बाइक घेतली की पहिला विचार येतो जंगलाचा. आपल्याकडे ते हाकेवर. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, बाइकनं तर नाहीच. रीलसाठी नाल्यातून बाइक काढणारे तिथे नकोतच. वाघाच्या आधी गुन्हा अंगावर येईल.

मग सराव कुठे? धान निघाल्यावर रिकामी पडलेली स्वतःची बांधी, घरच्यांना विचारून. किंवा तुमचाच रोजचा पांदण रस्ता, रोजच्याच वेगानं. सेटिंगसाठी रेस लागत नाही. रोजची वाट लागते, कारण तिचा प्रत्येक खड्डा तुम्हाला पाठ असतो.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर लेख अर्धवट राहील. खराब रस्त्याचं उत्तर चांगलं सस्पेन्शन नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यात ४४.५ टक्के दुचाकीवरचे. खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांतले बळी १,८५६. राज्यात शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. तुमच्या गावच्या रस्त्याचं त्यात काय झालं, हे ग्रामसभेत विचारायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. रस्ता करणं सरकारचं काम. पण रस्ता होईपर्यंत रोज त्यावरून कॉलेजला जाणारा आपणच असतो.

करून बघा

१. आधी टायरची हवा. गार टायरमध्ये, मॅन्युअलमध्ये दिली तेवढी. हवा चुकली तर पुढचं सगळं मोजमाप फसवं.

२. मग सॅग. टेलरचा टेप घ्या. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग बाइक जमिनीवर ठेवून, तुम्ही हेल्मेट-बूटसकट बसून, तेच अंतर पुन्हा मोजा. मोजणारा मित्र हवाच. दोन्हींतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या तिसाव्या टक्क्याच्या आसपास हवा. २०० मिलिमीटर ट्रॅव्हल असेल तर साधारण ६०. जास्त असेल तर प्रीलोड वाढवा, कमी असेल तर घटवा.

३. आत्ताचं सेटिंग लिहून ठेवा. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आवळा, क्लिक मोजत. तो आकडा वहीत. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई खराब होते. मग मॅन्युअलमधल्या स्टँडर्डवर आणा.

४. आधी रिबाउंड, नंतर कॉम्प्रेशन. एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक. काही बाइक्समध्ये एका पायात कॉम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतं, तर काहींत दोन्ही पायांत दोन्ही. मॅन्युअल बघूनच हात लावा. दोन्ही पायांत एकच स्क्रू असेल तर दोन्हीकडे सारखे क्लिक.

५. तोच रस्ता, तोच वेग, तेच वजन. काय जाणवलं ते एका ओळीत लिहा. बिघडलं तर वहीतल्या आकड्यावर परत या.

६. क्लिक संपले तरी जमत नसेल, तेव्हाच तेल किंवा स्प्रिंग बदलायचा विचार करा. तेही माहीतगार माणसाकडून.

दादाचं प्लास्टर निघालं त्या रविवारी आम्ही हेच केलं. आवळलेले स्क्रू स्टँडर्डवर आणले, मग रिबाउंड आणखी दोन क्लिक सोडलं. मागचं प्रीलोड माझ्या वजनासाठी थोडं वाढवलं. पुढच्या टायरमधली हवाही जास्त निघाली, ती कमी केली. मग तोच रस्ता, आणि खरं सांगते, वळणाआधी वेगही कमी. रस्ता काही गुळगुळीत झाला नाही. पण हँडलची थरथर बरीच उतरली, आणि दुसऱ्या वळणावर पुढचं चाक होतं तिथेच राहिलं.

स्प्रिंगांची ऑर्डर दादानं रद्द केली. त्याच्या टूलकिटमध्ये आता शाळेची एक जुनी वही असते. पहिल्या पानावर दोन रकाने आखलेत: ‘एकटा’ आणि ‘डबलसीट’. तिसरा रकाना ‘धान’ नावाचा आहे. तो अजून रिकामा आहे.